पाच पेअरची केबल आणि अण्णांचा फॉक्सप्रो

सोलापूरच्या साखर पेठेतल्या जुन्या घरांत वायफायचं काही खरं नसतं. खाली पेढीवर राउटर ठेवला की पेढीवर फुल्ल रेंज, जिन्याच्या वळणावर अर्धी, आणि वरच्या खोलीत पाऊल टाकलं की गायब. भिंती दगड-मातीच्या, चांगल्या जाडजूड, वर माळवद, आणि मध्ये अण्णांची लोखंडी कपाटं एकाला एक लागून उभी, त्यात जुन्या चोपड्या ठासून भरलेल्या. रेंज वाढवायचे डबे मिळतात ते लावा असं सगळेच सांगतात, पण आमचा प्रश्न वायफायचा नव्हताच मुळी. जे दोन कॉम्प्युटर जोडायचे होते त्यांच्या जन्माच्या वेळी वायफाय आमच्या गावात कुणी बघितलेलं नव्हतं. दोन्हीवर विंडोज ९८ आहे.

हसू नका. अण्णा म्हणजे माझे थोरले काका. टॉवेलचा धंदा, मागच्या अंगाला यंत्रमाग, पुढे पेढी, वर राहायचं घर. सुताची आवक, कोणत्या मागावर किती माल निघाला, कारागिरांची आठवड्याची मजुरी, उचल किती, कापली किती, हे सगळं एका फॉक्सप्रोच्या प्रोग्रॅममध्ये. फॉक्सप्रो म्हणजे नोंदी ठेवायचं जुनं सॉफ्टवेअर, आणि हा तर डॉसवरचा, विंडोजच्या आधीच्या काळातला, फॉक्सप्रो २.६. नवी पेठेत कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या एका पोराने नव्वदीत लिहून दिला, पुढे तो पोरगा सोलापुरातल्या निम्म्या हुशार पोरांसारखा पुण्याला गेला तो गेलाच. प्रोग्रॅम मात्र अजून चालतोय. निळा स्क्रीन, पिवळी अक्षरं, दिवाणजींची बोटं डोळे मिटून त्यावर फिरतात, आणि बाजूला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर रुंद कागदावर मजुरीचा तक्ता खरडत बसतो. मी अण्णांना म्हटलं होतं की हे सगळं नवीन मशीनवर, व्हर्च्युअलमध्ये, म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या आत जुना चालवून, टाकून देतो. ते म्हणाले, "चालतंय त्याला कशाला हात लावतोस बे?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

अडचण एवढीच होती की खाली दिवाणजी एंट्री करायचे आणि वर अण्णांना रात्री हिशोब बघायचा असायचा, म्हणून फ्लॉपी वर-खाली व्हायच्या. फ्लॉपी आता मिळत नाहीत हा एक भाग, पण खरा घोळ वेगळा. एकाच हिशोबाच्या दोन कॉप्या झाल्या की दोन्ही आपापल्या जागी खऱ्या वाटतात. खालच्या कॉपीत एका कारागिराची उचल चढलेली, वरच्या कॉपीत नाही, आणि पगाराच्या दिवशी तो माणूस समोर उभा. सुताच्या धंद्यात पन्नास रुपयांवरून नाती तुटलेली बघितलीयत मी. म्हणजे डेटा एकाच मशीनवर हवा आणि दुसऱ्याने तो तारेवरून बघायला हवा, एवढी साधी मागणी. कार्डं दोन्ही मशीनमध्ये होती, रियलटेक ८१३९, त्या काळात गल्लोगल्ली मिळायची ती. तार तेवढी नव्हती.

नवीन केबल ओढायची तर जिन्याखालून, देवघराच्या मागून, माळवदाच्या खालून न्यायला लागणार, म्हणजे भिंतीला भोक, आणि दगड-मातीच्या भिंतीला भोक पाडायला घेतलं की ते आपण ठरवू तेवढ्यावर थांबत नाही, मूठभर माती आणि एखादा दगड बरोबर घेऊनच येतं. काकूंनी आधीच सांगून टाकलं होतं की भिंतीला हात लावायचा नाही. तेव्हा मला ती जुनी इंटरकॉमची केबल आठवली.

टेलिफोन खात्यातले एक लाईनमन होते, आता रिटायर, नाव सांगत नाही कारण त्यांना आवडणार नाही. बीएसएनएल २००० च्या ऑक्टोबरमध्ये झालं, त्याच्या आधीच्या खात्यातली माणसं ती. पेढीवर फोन, वर एक्स्टेंशन आणि मागे कारखान्यात इंटरकॉम असं अण्णांनी त्यांच्याकडून करून घेतलं तेव्हा घराचं प्लास्टर चालू होतं. दोन जोड्यांमध्ये काम भागलं असतं. त्यांनी पेढीपासून वरच्या खोलीपर्यंत पाच पेअरची, म्हणजे पाच जोड्यांची, केबल ओढली आणि पाइपात गाडून टाकली. अण्णा तेव्हा कुरकुरले होते की एवढ्या तारा कशाला, पैसे जास्त झाले का तुम्हाला. त्यावर ते म्हणाले होते म्हणे, "दोन लागतात म्हणून दोनच ओढल्या तर भिंत परत फोडायला मला बोलवाल, आणि मी येणार नाही." पाचांपैकी एक जोडी फोनला, एक इंटरकॉमला, उरलेल्या तीन इतकी वर्षं भिंतीवरच्या रोझेटच्या, म्हणजे फोनची तार जोडायच्या, डबीत गुंडाळून पडलेल्या. टोकंसुद्धा त्यांनी कापून नीट दुमडून ठेवलेली.

आता प्रश्न असा की फोनच्या तारेवरून कॉम्प्युटरचं नेटवर्क चालतं का. लोकांना वाटतं नाही चालत, कारण फोनची तार म्हणजे बोलायची तार. पण तारेला कुठे माहिती असतं आपल्यातून काय जातंय. तिला फक्त तिची लांबी, जाडी आणि पीळ कळतो, बाकी सगळं दोन टोकांना बसलेल्यांचं.

पिळाबद्दल थोडं थांबून सांगतो कारण खरी गंमत तिथेच आहे. अगदी सुरुवातीच्या टेलिफोनला एकच तार असायची, परतीचा रस्ता म्हणून जमीन वापरायचे. तारायंत्राला ते चालून गेलं होतं. मग गावांत विजेच्या ट्राम आल्या, त्यांचाही करंट जमिनीतूनच परत जायचा, आणि फोनवर माणसाच्या आवाजापेक्षा ट्रामची घरघर जास्त ऐकू यायला लागली. म्हणून दोन तारा आल्या. दोन तारा शेजारी-शेजारी सरळ टाकल्या तरी जी तार मोटरीच्या जवळ ती जास्त घरघर पकडते, लांबची कमी, आणि तो फरक ऐकू येतोच. ग्राहम बेलने १८८१ मध्ये पेटंट घेतलं ते दोन तारांना एकमेकींभोवती पीळ द्यायचं. पीळ दिला की थोडं अंतर ही तार मोटरीजवळ, पुढचं थोडं अंतर ती तार, सरासरी दोघींवर सारखाच त्रास. आणि दुसऱ्या टोकाला बसलेलं यंत्र फक्त दोन तारांमधला फरक बघतं. दोघींवर सारखं जे आलं ते वजा होऊन जातं. बस एवढंच.

हे अण्णांना सांगितलं तर त्यांना फार सांगायला लागलं नाही, टॉवेलच्या ताण्याला दोन-वीसचं सूत लागतं, म्हणजे वीस काउंटचे दोन धागे एकमेकांभोवती पिळलेले, आणि पीळ कमी पडला तर मागावर काय होतं ते त्यांच्याइतकं कुणाला कळणार. फक्त सुताला पीळ लागतो ताकदीसाठी आणि तारेला लागतो तो घरघर दोघींत सारखी वाटायला, हे त्यांना पटायला चहाचा एक कप गेला. मग त्यांनी स्वतःच विचारलं, "मग पाचही जोड्यांचा पीळ एकसारखा असला तर?" हा प्रश्न मी इंजिनिअरिंगच्या पोरांकडून ऐकलेला नाही. उत्तर असं की चांगल्या केबलमध्ये तो एकसारखा ठेवत नाहीत, प्रत्येक जोडीचा पीळ वेगळ्या मापाचा असतो, नाहीतर शेजारच्या दोन जोड्या एकमेकींच्या पिळाबरोबर पाऊल टाकत चालतात आणि हिचं बोलणं तिला ऐकू जातं.

म्हणजे पिळाची केबल असली तर ती नेटवर्कला मुळातच नालायक नाही. उलट गोष्ट अशी की एकेकाळी नेटवर्कवालेच फोनच्या तारेच्या मागे लागले होते. इथरनेट, म्हणजे तारेने कॉम्प्युटर जोडायची आजही चालणारी पद्धत, जन्मलं ते जाड कोॲक्स केबलवर (टीव्हीच्या केबलसारखी, मध्ये एक तार आणि भोवती जाळी), १९७३ मध्ये, झेरॉक्सच्या पार्क लॅबमध्ये. नंतर पातळ कोॲक्स आली, तिला बीएनसीचे गोल कनेक्टर, प्रत्येक मशीनमागे टी, आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचं टर्मिनेटर. नव्वदीतल्या क्लासमध्ये जे बसलेत त्यांना आठवत असेल, कुणाच्या पायाने एक टी सैल झाला की अख्खी लॅब बंद, आणि सर खाली वाकून प्रत्येक टेबलाखाली बघत जाणार. अमेरिकेतल्या ऑफिसांच्या भिंतीत तोवर फोनच्या जोड्या मुबलक पडलेल्या होत्या, त्यातल्या कित्येक रिकाम्या. त्याच वापराव्या म्हणून एटी अँड टीने ऐंशीच्या दशकात स्टारलॅन काढलं, स्पीड १ एमबीपीएस (सेकंदाला दहा लाख बिट), फोनच्या दोन जोड्यांवर, एक पाठवायला एक घ्यायला. आणि १९९० मध्ये आलं १०बेस-टी, १० एमबीपीएस, त्याच दोन जोड्या, १०० मीटरपर्यंत. त्यातला टी म्हणजे ट्विस्टेड पेअर. कॅट ३ नावाची जी केबल त्यासाठी धरली होती ती ऑफिसातली बऱ्यापैकी फोनची केबलच, १६ मेगाहर्ट्झपर्यंत भरवशाची. इथरनेटचं १० एमबीपीएस जवळजवळ १० मेगाहर्ट्झच्या आतच बसतं, म्हणून जमतं. १०० एमबीपीएसचं जे आपण सर्रास वापरतो त्याला ३१ मेगाहर्ट्झच्या आसपास जायला लागतं, तिथे कॅट ५ पाहिजे, फोनची केबल तिथे दम सोडते.

अजून एक पुरावा आपल्या सगळ्यांच्या टेबलावर पडलाय. नेटवर्कच्या आठ पिनांच्या प्लगमध्ये १० आणि १०० एमबीपीएसचं इथरनेट १, २, ३ आणि ६ या पिना वापरतं. कधी विचार केलाय का, ३ नंतर एकदम ६ कशाला? मधल्या ४ आणि ५ वर निळी जोडी असते आणि ती इथरनेट सोडून देतं. फोनचा छोटा प्लग त्याच सॉकेटात घातला तर त्याच्या मधल्या दोन पिना बरोबर ४-५ वर येतात. म्हणजे एकाच केबलमध्ये फोनही जावा आणि नेटवर्कही, एकाने दुसऱ्याच्या अंगावर येऊ नये. लाईनमन मंडळींची सावली त्या प्लगवर अजून आहे असं मला उगाच वाटतं.

अमेरिकेतल्या घरांची कथा याहून मजेदार. त्यांच्याकडे बऱ्याच घरांत प्रत्येक खोलीत फोनचा सॉकेट, तारा चार, लाल-हिरवी जोडी बोलायची आणि काळी-पिवळी बहुतेक वेळा रिकामी. फॅरलॉन नावाच्या कंपनीने फोननेट काढलं, ते ॲपलच्या मॅकिंटोशांना या काळ्या-पिवळ्या जोडीवरून जोडायचं, स्पीड २३०.४ केबीपीएस. आज एक फोटोही त्यावर धड जाणार नाही, पण लेझर प्रिंटर महाग होता तेव्हा तो चार जणांत वाटून घ्यायला पुरेसं होतं. मग १९९८ मध्ये होमपीएनए नावाने कंपन्या एकत्र आल्या, त्यांनी तर वेगळी जोडीही मागितली नाही, ज्या जोडीवर फोन चालू आहे तिच्यावरच नेटवर्क. कसं, तर आवाज राहतो ४ किलोहर्ट्झच्या खाली, एडीएसएल, म्हणजे फोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड, राहतं साधारण २५ किलोहर्ट्झ ते १.१ मेगाहर्ट्झ, आणि हे बसले ४ ते १० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. एकाच तारेवर तीन बिऱ्हाडं आणि कुणाचा कुणाला पत्ता नाही. पहिलं १ एमबीपीएस होतं, दुसरं १०, पुढे बरंच वाढलं.

आपल्याकडे हे फारसं आलं नाही, आणि त्याला कारण आहे. आपल्या घरात फोन होता एक, तोही हॉलमध्ये, क्रोशाच्या रुमालाखाली. खांबावरच्या डीपीतून, म्हणजे फोनच्या तारांच्या डब्यातून, ड्रॉप वायर आली, रोझेटपाशी संपली, झालं. खोल्याखोल्यांत फोनची तार असायला फोन तरी तितके असावे लागतात. २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं तेव्हा हीच एक जोडी एक्स्चेंजपासून घरापर्यंत कामाला लागली, स्प्लिटर लावून फोन आणि नेट सोबत, ते आपण सगळ्यांनी वापरलंय. पण घराच्या आत फोनच्या तारेवर नेटवर्क, हे आपल्याकडे अण्णांसारख्याच घरात होऊ शकतं, जिथे धंद्यापायी इंटरकॉम केलेला असतो.

कामाला लागताना पहिली गोष्ट, चालू फोनच्या जोडीला हात लावायचा नाही. त्यावर एरवी ४८ व्होल्ट डीसी असतात, तेवढे काही करत नाहीत, पण घंटी वाजते तेव्हा ७५ ते ९० व्होल्ट एसी येतात, ते नेटवर्क कार्डाच्या तोंडात गेले तर कार्ड गेलंच म्हणून समजा, आणि तुमचं बोट तिथे असेल तर तुम्ही जी शिवी द्याल ती माझ्या नावाने नको. रोझेटच्या अलीकडची तार कंपनीची, पलीकडची आपली. आपल्याच तारेत खेळायचं.

रिकाम्या तीन जोड्या धड आहेत का हे बघायला कुठलंही महाग यंत्र लागत नाही. वरच्या टोकाला एका जोडीच्या दोन्ही तारा एकत्र पिळल्या आणि खालून मीटरने ओहम बघितले. लाईनमन याला लूप बघणं म्हणतात. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या जोडीचा लूप किलोमीटरला साधारण १७६ ओहम येतो. आमचा आला ७ च्या आसपास, मीटरच्या वायरींचं वजा करून. म्हणजे ४० मीटर. भिंत न फोडता, टेप न लावता, तार स्वतःच सांगते मी किती लांब आहे. आणि एखाद्या जोडीचा आकडा बाकीच्यांपेक्षा जास्त आला तर कुठेतरी सांधा सडलाय. आमच्या तिन्ही जोड्या दशांशाच्या फरकाने सारख्या. वीस-पंचवीस वर्षं भिंतीत, वर सोलापूरचा ४३-४४ डिग्रीचा उन्हाळा, आणि सांधे अजून धड. त्या माणसाने प्रत्येक जोडाला यूवाय कनेक्टर (तारा दाबून जोडायच्या छोट्या टोप्या) दाबले होते, नुसती पिळून टेप गुंडाळलेली नव्हती.

दुसरी गोष्ट फाटे. या केबलला जिन्यापाशी एक फाटा होता, एकेकाळी तिथेही एक इंटरकॉम होता तो नंतर काढला, पण तार तशीच लोंबत राहिली, पाचएक मीटर. बोलायच्या फोनला असला फाटा काहीच करत नाही, आवाज त्याला ओळखतही नाही. पण १० मेगाहर्ट्झला तारेतली लाट साधारण २० मीटर लांब असते, आणि तिच्या चतकोर लांबीचा उघडा फाटा म्हणजे पाच मीटर, हा नेमका शॉर्ट असल्यासारखा वागतो, लाट तिथे जाते, टोकावर आपटते, उलटी येते आणि मूळ लाटेलाच खाते. ज्यांचं नेटवर्क फोनच्या तारेवर "काही केल्या चालत नाही" त्यांनी आधी असले विसरलेले फाटे शोधावेत. होमपीएनएवाल्यांनी अमेरिकन घरातले असले वेडेवाकडे फाटे सहन करायची सोय मुद्दाम केली होती. साध्या इथरनेटमध्ये ती सोय नाही, त्याला सरळ इथून तिथे तार लागते. फाटा कापून टाकला.

तिसरी गोष्ट जोडी न फोडण्याची. ही लोकांना सगळ्यात कमी कळते. पांढरी-निळी ही एक जोडी, पांढरी-नारंगी दुसरी, आणि पांढरी तार दोन्हीकडे दिसायला सारखीच असते, कुणी घाईत निळीबरोबर नारंगीची पांढरी लावली आणि दोन्ही टोकांना तशीच लावली, तर मीटर म्हणेल सगळं ओके, बल्ब लागेल, बझर वाजेल. पण सिग्नल जाणारी तार एका पिळात आणि येणारी दुसऱ्या पिळात, म्हणजे पिळाचा सगळा फायदा गेला. त्यामुळे मी पांढरी तार तिच्या जोडीदारिणीपासून अगदी टोकापर्यंत सुटी केलीच नाही. नारंगी जोडी १-२ वर, हिरवी ३-६ वर, आणि वरच्या टोकाला उलट, कारण दोनच मशीन आहेत, मध्ये हब (तारा एकत्र जोडायचा डबा) नको, एकाचं पाठवणं दुसऱ्याच्या घेण्यावर गेलं की झालं.

चौथी गोष्ट सॉफ्टवेअरची, आणि इथे भलेभले फसतात. दोन्ही कार्डं १० आणि १०० दोन्ही स्पीडची. ती जोडली की आपापसात बोलून ठरवतात की दोघांनाही १०० जमतंय तर १०० वरच जाऊ. पण हे बोलताना ती मधल्या तारेला विचारत नाहीत! नुसतं मला काय येतं, तुला काय येतं एवढंच. सोयरीक ठरवणाऱ्यांची जुनी सवय. मग लाइट लागतो, विंडोज म्हणतं कनेक्टेड, आणि फाइल कॉपी करायला घेतली की मशीन घामाघूम. म्हणून कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन हाताने सांगायला लागतं, १० एमबीपीएस, हाफ ड्युप्लेक्स (एका वेळी एकानेच बोलायचं), आणि हे दोन्हीकडे सांगायचं.

एवढं केलं आणि चाललं. सेकंदाला मेगाबाइटच्या थोडं खालीच, जे १० एमबीपीएसवर मिळायला पाहिजे तेच. आजच्या पोरांना हा स्पीड सांगितला तर ते सहानुभूतीने बघतात. पण फॉक्सप्रोची मजुरीची फाइल आहे काही मेगाबाइटची, आणि अण्णांना रात्री बघायचं असतं कुणाची उचल किती. डायलअपच्या ५६ केबीपीएसवर सेकंदाला पाच-सहा किलोबाइट आले की आपण खूश व्हायचो, ती पिढी आहे ही. खरी काळजी होती फॉक्सप्रोच्या इंडेक्स फाइलची (कुठली नोंद कुठे आहे ते सांगणारी फाइल), लिहिता-लिहिता तार तुटली की इंडेक्स खराब होतो आणि मग नावं एकीकडे आणि आकडे भलतीकडे. म्हणून लिहायचं काम फक्त खालून, वरून नुसतं बघायचं. अण्णांना हे मान्य झालं नाही, पण दिवाणजींना फार आवडलं.

मागच्या अंगाला माग चालू असतात तेव्हा काय होईल अशी मला शंका होती, एवढ्या मोटरी, चालू-बंद होताना ठिणग्या. काही झालं नाही. पीळ आपलं काम करत होता. फोनची घंटी शेजारच्याच जोडीवर वाजते तेव्हा क्वचित एखादं पॅकेट (डेटाचा तुकडा) दगावतं, वरचा प्रोटोकॉल ते परत मागवून घेतो, माणसाला कळतही नाही. भीती आहे ती मे महिन्यातल्या वळवाची. आकाशात कडाडलं की तांब्याच्या तारेवर जे येतं त्याने या शहरात किती मोडेम मेले त्याचा हिशोब नाही. आमची केबल घराच्या आतच आहे, खांबाशी संबंध नाही, तरी वळीव आला की दिवाणजी प्लग काढून ठेवतात, आणि मला वाटतं बरोबर करतात.

लोक विचारतात एवढं कशाला, फायबर टाक, नवीन कॉम्प्युटर घे, सगळं क्लाउडवर. हे म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही, त्यांच्या घरी नेट चांगलं असतं. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. घराचं काम काढलं की इलेक्ट्रिशियन पहिल्यांदा काय करतो तर जुनी फोनची केबल ओढून काढतो, तांब्याच्या भावाने भंगारात घालतो, आणि मग रिकाम्या पाइपातून काय ओढू म्हणून विचारतो. एकदा मीटर लावून तरी बघ की बाबा. आतली तार चांगली असू शकते, आणि तिच्यावर कुणीतरी हात चालवून केलेलं काम आहे, ते आज तेवढ्याच मन लावून करणारा माणूस मिळेलच असं नाही. सगळ्याच तारा चांगल्या असतात असं मी म्हणत नाही. दुकानात टेलिफोन वायर म्हणून जी चपटी, पीळ नसलेली चार तारांची पट्टी मिळते, ती खोलीतल्या खोलीत फोनला ठीक, तिच्यावर नेटवर्क चालवू नका, चाललं तरी भरवसा ठेवू नका.

आणि जग फिरून कुठे आलंय बघा. २०१९ मध्ये इथरनेटचं एक नवीन मानक मंजूर झालं, १०बेस-टी१एल. स्पीड तोच जुना १० एमबीपीएस, पण एकाच जोडीवर, आणि १ किलोमीटरपर्यंत. कारखान्यातल्या सेन्सर-मीटरांसाठी. म्हणजे तिकडे ऑफिसातलं नेटवर्क गिगाबिटच्या पुढे धावतंय आणि इकडे शहाणी माणसं बसून ठरवतायत की एका पिळाच्या जोडीवर, सावकाश पण लांब जायचं. हे अण्णांना सांगितलं तर त्यांनी लगेच कारखान्याकडे बघितलं. प्रत्येक मागावर किती पिका (आडवे धागे) पडल्या ते तारेवरून पेढीत दिसेल का, असा विचार त्यांच्या डोक्यात सुरू झालाय हे मला कळलं, आणि मी विषय बदलला.

सध्या भांडण वेगळंच आहे. पाच जोड्यांतली एक फोनला, एक इंटरकॉमला, दोन नेटवर्कला, म्हणजे एक उरली. काकूंना तिच्यावर बेल पाहिजे, म्हणजे चहा झाला की वरूनच वाजवता येईल, इंटरकॉम उचलायला कुणी जागेवर नसतं म्हणून. अण्णा म्हणतात ती मागांसाठी ठेव. दिवाणजींचं म्हणणं पडलं की नेटवर्कची एखादी जोडी गेली तर बदलायला ती लागेल, तिला कुणीच हात लावू नये. मी रिटायर लाईनमन काकांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "काकूंना बेल बसवून दे की. आणि कारखान्याकडे जी केबल गेलीय ना, ती उघडून बघ एकदा. ती दहा पेअरची हाय."